शेवटचं कडवं

सोमवारी दुपारी चार वाजता दिपेश म्हात्रे लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन काळूराम मास्तरांच्या ओटीवर आला. रेवसच्या रस्त्यावरच्या याच ओटीवर मास्तरांची 'दर्याराणी बेंजो पार्टी' तालीम करायची. आता पार्टी नाही. लकव्यानंतर मास्तरांना बोलता येत नाही. खुर्चीत बसून ते ऐकतात, डावा हात हलवतात. त्यांच्या वतीने बोलते ती बायको, सोनूबाई.

दिपेश अलिबागला साऊंड भाड्याने देतो. पण शाळेत असल्यापासून तो या पार्टीचा वेडा. तिची प्रत्येक कॅसेट त्याने जमवली, लग्नाच्या मांडवांतली रेकॉर्डिंगं जपली. आता त्यातली निवडक गाणी नव्या क्रमाने लावून त्याने डबल अल्बम केला होता. पहिल्या भागात हळदीची संध्याकाळ, दुसऱ्यात पहाट.

"अशी हलद मास्तरांनी पन कवा वाजवली नसंल, काकी," तो म्हणाला. "सगली भारी गानी एकाच रात्री. मधी थांबायचा कामच न्हाय."

गाणी सुरू झाली. आधी देवांना बोलावण्याचं, मग जातं पुजायचं. एकातून दुसरं निघत होतं, जोड कळत नव्हता. मास्तरांचा डावा हात मांडीवर ठेका देऊ लागला. सून प्राप्ती चहा घेऊन आली आणि कप तसेच हातात धरून ऐकत राहिली.

पाचवं गाणं सहाव्यात शिरलं तेव्हा सोनूबाई म्हणाली, "थांबव."

"काय झाला, काकी?"

"नाव कुठं गेला?"

मास्तरांच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव येतं. गाणं कोणाचं, हे गाण्यानेच सांगायचं. याखेरीज दुसरा पुरावा नाही. मास्तरांनी कधी कागद केला नाही आणि कॅसेटच्या कव्हरवर फक्त पार्टीचं नाव छापलेलं असायचं. आता वाजलेल्या पाच गाण्यांत एकालाही शेवटचं कडवं नव्हतं.

"मांडवातली रेकॉर्डिंग हायेत ही," दिपेश म्हणाला. "पोरं नाचाया लागली का मास्तर शेवटचा कडवा सोडून पुढच्या गान्यावर जायचे. तुमीच तर कोरसला असायच्या, काकी. मी न्हाय तोडला."

हे खरं होतं. सोनूबाईने नाकारलं नाही.

"नाचनाऱ्यांना ठाव होता गाना कोनाचा ते. गानारा समोर उभा होता. आता समोर कोन उभा राहील? तू?"

दिपेश हसला.

"कॅसेटवर गानी पुरी हायेत ना? ती का न्हाय घेतली?"

"ती थंड हायेत, काकी. स्टुडिओत गायलेली. मजा मांडवात."

"सगलीच थंड?"

दिपेशने स्पीकरची वायर काढली आणि पुन्हा लावली. प्राप्तीने कप खाली ठेवले.

"मोबाईलवर टाकताना गीतकार कोन ते विचारतात ना, भाऊ? तिथं काय लिवला?"

"पारंपरिक," दिपेश म्हणाला. "सगलेच तसा लिवतात. न्हायतर कागद मागतात, महिनाभर अडकवून ठेवतात."

सोनूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "जित्ता मानूस पारंपरिक कवा झाला?"

"काकी, माझ्या हलदीला मी पाटावर कमी आनि मास्तरांच्या बाजूला जास्त बसलेलो. बायको अजून बोलून दाखवते. मी त्यांचा नाव खाईन?"

"तू हायेस म्हनून विचारते. दुसरा असता तर एवढ्यात रस्त्याला लागला असता."

शेवटी दिपेशने मान्य केलं. गीतकार म्हणून मास्तरांचं नाव लिहायचं. दुसऱ्या भागाचं शेवटचं गाणं कॅसेटवरून घ्यायचं, पुरं, शेवटच्या कडव्यासकट. नवरीच्या पहाटेच्या अंघोळीचं गाणं ते. मांडवात ते लागलं की झोपलेलेही उठून उभे राहतात. "नावाला यापरती मोठी जागा न्हाय," असं म्हणून त्याने लॅपटॉप मिटला. जाताना मास्तरांच्या पाया पडला. मास्तरांनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला, की तो तिथे पडला, हे सोनूबाईला कळलं नाही.

बुधवारी सकाळी प्राप्तीच्या मोबाईलवर निरोप आला. अल्बम चालू झाला होता. गीतकाराची जागा कोरी होती. "नाव भरायचा हाय, होईल," असं दिपेशने खाली लिहिलं होतं.

प्राप्तीने मोबाईल घरातल्या स्पीकरला जोडला आणि शेवटचं गाणं लावलं. मास्तरांच्या हाताने पहिल्याच ओळीला ठेका धरला. एकेक कडवं पुरं होत गेलं. शेवटचं सुरू झालं आणि आवाज हळूहळू उतरत गेला. नाव यायच्या आधीच तो नाहीसा झाला.

"जुन्या कॅसेटींत असा असायचा, आई," प्राप्ती म्हणाली. "बाजू संपत आली का आवाज कमी करायचे."

"असायचा," सोनूबाई म्हणाली. "आपली कॅसेट काढ. लावून बघू."

"आपली त्याच्याकडंच हाय. पावसाआधी घेऊन गेला ना, बुरशी साफ करून देतो म्हनून."

प्राप्तीने दिपेशला फोन लावला आणि मोबाईल दोघींच्या मध्ये ठेवला. रिंग जात होती.

गाणं केव्हाच संपलं होतं. मास्तरांचा डावा हात मात्र मांडीवर ठेका देतच होता. शेवटचं कडवं पुरं व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळाने तो थांबला.

फोन अजून वाजत होता.