तीन ठोके

बोअरच्या गाडीवर कॉम्प्रेसर सुरू असला की बोलणं फुकट जातं. म्हणून दादा बोअरच्या तोंडाशी उभा राहून पान्याने पाइपवर तीन ठोके मारायचा. तीन म्हणजे, वर घे. मी लिव्हर ओढायचो. बावीस वर्षं आम्ही दोघे भाऊ असेच बोललो. घरीही फार वेगळं नव्हतं.

दादाला जाऊन वर्ष झालं. आता गाडीवर मी एकटाच.

आज भरदुपारी, वीस पाइप खाली गेल्यावर, जेवायला म्हणून सगळं बंद केलं. त्या शांततेत ठोके ऐकू आले. तीन. पाइपला हात लावला, तर लोखंड अजून थरथरत होतं.

घरमालकिणीने दारातूनच विचारलं, "काय हो, लागलं का पाणी?"

"बघतो," म्हटलं.

भोक साडेसहा इंचाचं. त्यात माणसाचं डोकंही मावत नाही, असं मी स्वतःला दोनदा बजावलं. पुन्हा तीन ठोके आले. या वेळी जरा चिडून, मला उशीर झाला की दादा मारायचा तसे.

मी इंजिन चालू करून लिव्हर ओढली.

वीस पाइपांचं वजन मला पाठ आहे. लिव्हरजवळचा वजन दाखवणारा काटा तिथवर आला, आणि एका माणसाइतका पुढे जाऊन थांबला.