बुटकी कमान

शेजारच्या डोनाटोकाकांचं गाव इटलीतल्या डोंगरात, पण निम्मं गाव आता इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉय शहरातच राहतं. दर ऑगस्टला ही मंडळी आपल्या गावच्या संताची मिरवणूक काढतात. मूर्ती उचलायला आठ जण लागतात. २००४ साली एक कमी पडला, म्हणून काकांनी माझं दार वाजवलं.

"काका, मी तुमच्या चर्चचा नाही."

"उंची बरोबर आहे. चल."

मूर्ती भलतीच जड होती, पण रस्ता सपाट होता. गॅस स्टेशनच्या कोपऱ्यावर मात्र बाकीचे सातही जण एकदम गुडघ्यांत वाकले आणि सगळा भार माझ्या एकट्यावर आला.

"वाक!" काका ओरडले. "संताचं डोकं आपटेल!"

वर नुसतं मोकळं आभाळ होतं. तरी मी वाकलो. दहा पावलांनी सगळे सरळ झाल्यावर विचारलं, "कशावर आपटणार होतं?"

"गावाच्या कमानीवर. फार बुटकी आहे."

"पण ती तिकडे, इटलीत ना?"

"तिकडची पाडली. बस आत जाईना म्हणून." काकांनी घाम पुसला. "आता एवढीच राहिली."

परतताना तोच कोपरा आला. मी सगळ्यांच्या आधी वाकलो. फुटपाथवरून माझी बायको रुचा घाबरून ओरडली, "अरे, काय झालं? पाय मुरगळला का?"

"नाही गं," मी वाकूनच म्हणालो, "कमान आहे."