टेबलाखालची पिशवी

“पंप हळू कर, रक्तात टाका दिसत नाही!” सर्जन खेकसला. पेशंटचं हृदय थांबवलेलं होतं आणि रक्त माझा पंप फिरवत होता. मी हळू केला, तशी टेबलाखालच्या पिशवीत पडणारी लघवी थांबली. पेशंटच्या किडन्या आधीच अर्ध्या गेलेल्या होत्या. “सर, वाढवते.” “खबरदार! मी हृदय शिवतोय, तू मूत बघ.” “तेच बघतेय,” म्हणत मी वेग वाढवला. त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण टाके घातले. हृदय सुरू झाल्यावर नातेवाइकांचे नमस्कार घेऊन आला आणि माझ्या हकालपट्टीचं पत्र लिहायला बसला. “कारण काय लिहिताय?” मी विचारलं. “ऐन ऑपरेशनमध्ये पंपवालीने मुजोरी केली.” मी आत गेले, लघवीची भरलेली पिशवी बदलून घेतली आणि त्याच्या ओल्या सहीवर आणून ठेवली. “पुरावा जोडा. अजून कोमट आहे.”