चुकलं की एक टाळी

मी घरी बसून पुस्तकं वाचते, ऐकणाऱ्यांसाठी रेकॉर्ड करते. आवाज घुमू नये म्हणून अडगळीच्या खोलीत भिंतींना रजया टांगल्यात. वाचताना चुकले की एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा वाचायचं. मग काटछाट करणाऱ्याला चुकीची जागा लगेच सापडते.

सगळी मागणी घरातल्याच भयंकर माणसांच्या गोष्टींना. गोड बोलून बहिणीला वेड लावणारी बहीण, लेकाला कोंडून ठेवणारी आई. लोक असलं काय ऐकतात, असं ओळखीचे मला विचारतात. मी तरी इतक्या आवडीनं का वाचते? त्या घरांत निदान जेवायला हाक मारणारं कुणीतरी असतं.

काल काटछाट करणाऱ्याचा फोन आला. "ताई, तुम्ही बरोबर वाचलेल्या वाक्यावरही टाळी देताय. तेही एकाच वाक्यावर."

"कुठल्या?"

"नायिका म्हणते ना, 'या घरात मी एकटीच राहते.' तीनदा आलंय. तिन्ही वेळा टाळी."

मी हसण्यावारी नेलं. आज दुपारी मात्र पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तेच वाक्य मोठ्यानं वाचलं.

"या घरात मी एकटीच राहते."

माझ्या पाठीमागे, अगदी रजईला लागून, टाळी वाजली.

मी वळून पाहिलं नाही. नेहमीच्या शिस्तीत, वाक्य दुरुस्त करून पुन्हा वाचलं.

"या घरात आम्ही दोघी राहतो."

टाळी वाजली नाही.