बिनपळीचं कालवण

"आधी कालवण, मग सही," विपुल म्हणाला आणि त्याने पेनाला पुन्हा टोपण लावलं.

बोरिवलीतल्या वकिलाच्या केबिनमध्ये टेबलावर घटस्फोटाचा अर्ज होता. अर्जाच्या एका बाजूला विपुलचा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला समीक्षाचा. नंदकिशोर वकील "तुमचं चालू द्या" म्हणून चहाला गेले होते. नवरा-बायको दागिन्यांवरून, फ्लॅटवरून, अगदी कुत्र्यावरूनही अडून बसलेली त्यांनी पाहिली होती. गेममधल्या कालवणावरून अडलेली ही पहिलीच.

"वर्षभर फिरवतोयस मला एका सहीसाठी," समीक्षा म्हणाली.

"मग आणखी फिर. मला कुठे घाई आहे?"

घाई त्यालाच होती. रविवारी अंधेरीत 'नवखंड' या गेमची फायनल होती. नवखंडातला शेवटचा डोंगर आगीचा. त्या आगीत टिकायचं तर आत शिरण्याआधी समीक्षाच्या हातचं कालवण खावं लागे. ती घर सोडून गेली तशी संघही सोडून गेली, आणि तेव्हापासून विपुलचा संघ डोंगराच्या पायथ्याशीच कोळसा होत होता.

नवखंडात चूल मांडायची, हाताला येतील ते जिन्नस टाकायचे. क्रम जमला तर पदार्थ, चुकला तर राख. सगळे पळीने ढवळायचे आणि मासा मोडायचा. समीक्षा वेसाव्याच्या कोळ्यांची. तिची आई कालवणात पळी घालत नसे. टोप दोन्ही हातांनी धरून गोल हलवायची. समीक्षाने एकदा पळीला हात न लावता टोपच हलवून पाहिला. पडद्यावर सोनेरी वाटी उगवली. अख्ख्या नवखंडात तो पदार्थ तिच्या एकटीचा झाला.

त्यातली मेख तिला पहिल्याच लढाईत कळली. पदार्थ ज्याच्या हाताला येतो, त्याच्या स्वतःच्या अंगी तो लागत नाही. खेळात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. चुलीपाशी उभं राहील त्यालाच कळायचं. चौघांना वाढून समीक्षा कोरडीच आगीत शिरायची आणि सगळ्यांत आधी मरायची.

"गेली बघा आपली वाढपीण," विपुल हेडफोनवर म्हणायचा. बाकीचे खिदळायचे. ती का मरते, हे त्याने कधी विचारलं नाही. चुलीपाशी तो गेममध्ये फिरकला नव्हता, घरात तर नाहीच नाही.

"शिकवू कोणाला?" समीक्षाने विचारलं. "तुझ्या त्या शर्मिष्ठाला?"

शर्मिष्ठा संघातली नवी भिडू. आता विपुलच्या घरातलीही.

"तिला कशाला? मला शिकव."

समीक्षाने हसू गिळलं. संघाच्या आघाडीला नेहमी विपुल. आग पहिल्यांदा त्याच्यावर येणार. वाटीभर कालवण ओरपून तो ऐटीत आत शिरणार आणि भरल्या हॉलमध्ये, भिंतीएवढ्या पडद्यावर, सगळ्यांच्या देखत राख होणार. शिकवलं की पदार्थ शिकवणाऱ्याच्या हातून कायमचा जातो. जाईना का.

"लॉग इन कर," ती म्हणाली.

टोप चुलीवर.

चिंचेचा कोळ.

मासा, सगळ्यात शेवटी.

पळी...

"पळी ठेव खाली."

"मग ढवळू कशाने? बोटाने?"

"ढवळायचं नाही. टोप धर. दोन्ही हातांनी. आयुष्यात एकदा तरी धर."

"टोमणे नंतर मार. पुढे?"

"पुढे काही नाही. गोल हलव आणि उतरव."

तिच्या पडद्यावरची सोनेरी वाटी विझली. त्याच्या पडद्यावर पेटली. समीक्षा क्षणभर त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. नवखंडात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

विपुलने पेनाचं टोपण काढलं आणि तो थांबला.

"खाताना काही पथ्य?"

"काही नाही. ओरपायचं आणि घुसायचं."

"तू खाताना कधी दिसली नाहीस."

"कोळ्याची पोर आहे मी. माशाचं काय कौतुक मला?"

"बरं," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

रविवारी समीक्षा अंधेरीला गेली. जायची काही गरज नव्हती. सही झाली होती, अर्ज कोर्टात पोचला होता. पण ती हट्टाने पहिल्या रांगेत बसली. बाजूच्याने विचारलं, "कुणाला सपोर्ट?" ती म्हणाली, "आगीला."

संघ डोंगराशी आला. आघाडीला विपुलची लाल ढाल झळकली. समीक्षा खुर्चीच्या कडेला सरकली. ढालीवरचं नाव तिने वाचलं, मग पुन्हा वाचलं. शर्मिष्ठा.

पडद्यावरचं दृश्य मागे वळलं. चुलीपाशी विपुल होता. तलवार नाही, ढाल नाही. दोन्ही हातांत टोप धरून तो सावकाश गोल हलवत होता. पळी बाजूला पडली होती. त्याने वाट्या भरल्या, एकेकाच्या हातात दिल्या. पहिली शर्मिष्ठाला. संघाचं आपसातलं बोलणं हॉलच्या स्पीकरवर घुमत होतं.

"आणि तुझी वाटी?" शर्मिष्ठाने विचारलं.

"करणाऱ्याला ते लागत नाही गं," विपुल म्हणाला. "समीक्षाला इतकी वर्षं बघितलंय ना मी. तू खा पोटभर."