डावखुरी गाठ

डॉक्टर म्हणाले, "रंभाबाईंच्या स्तनातली एक बिघडलेली पेशी सुटली, रक्तातून फिरली आणि फुफ्फुसात रुजून वाढतेय." तिच्या नवऱ्याला, भिवाला, ते लगेच कळलं. तुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत गुंततो आणि पुढचं कापड नासतं, हे तो सुरतेत लूमवर रोज बघत होता.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा लूम आपोआप थांबला. भिवा वाकला. तुटलेला धागा आधीच कुणीतरी जोडला होता. गाठ डावखुरी होती, त्याची बायको मारायची तशी.

रंभाबाई तर तीन महिने दवाखान्यात होती.

संध्याकाळी तो भेटायला गेला. नव्या एक्स-रेत फुफ्फुसातल्या चार डागांतला एक नाहीसा झाला होता. तिच्या बोटांना लूमचं काळं तेल होतं.

"उद्या बी लूम थांबला तर हात लावू नका," ती म्हणाली. "आजून तीन धागे राह्यलेत."