सात मिनिटं

खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू झाला आणि श्रीरंगचा हिरमोड झाला. त्याच्या लहानपणच्या कॉम्प्युटरची ही नवी, हुबेहूब प्रतिकृती होती. तीच रबरी बटणं, तसाच टीव्हीला जोडायचा. पण तेव्हा खेळ कॅसेटवरून यायचा आणि चांगली सात मिनिटं घ्यायचा. मध्येच कुणी मिक्सर लावला, की व्होल्टेज पडायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यंत्र परत करावं म्हणून तो खोकं शोधायला उठणार, तेवढ्यात पडद्यावर एक पर्याय दिसला: 'जुन्या वेगाने'. त्याने तो निवडला. कॅसेटची ती जुनी किरकिर घरभर घुमली.

स्वयंपाकघरातला मिक्सर चटकन बंद झाला.

पदराला हात पुसत आई बाहेर आली आणि त्याच्या शेजारी सोफ्यावर टेकली. चटणी अर्धवटच राहिली होती.

"आई, आता काही बिघडत नाही गं. तू लाव खुशाल मिक्सर," तो हसत म्हणाला.

"असू दे," पाय वर घेत आई म्हणाली. "तेव्हा दिवसभरात तेवढीच सात मिनिटं मला बसायला मिळायची."